ब्रेकाला मुशीचं तेल

आमी मूळचे बोर्लीचे लोहार. बापूस पडावांचे, म्हंजे शिडाच्या होड्यांचे, खिळे ठोकायचा, आजाबी तेच, मीबी तेच ठोकत बसलो असतो, पन डोकं तिरपागडं, पळालो ममईला, एका मोटारीच्या कारखान्यात चार वर्सं हात काळे केले नि काम शिकून परत आलो. गावात एक नाखवा व्हता, तीन पडावांचा मालक, त्यानं ममईहून एक जुनाट लॉरी आनलीन. मागं माल, मालावर मानसं, नि डायवर मी. माणगाव ते दिघी, रोजचं.

काय सांगू तुमाला त्या लॉरीची घाण. सुकी मासळी, मीठ, कोंबड्या, सगळा वास फळ्यांत मुरलेला. पन वासाचं सोडा, ब्रेक बघा. ब्रेक फकस्त मागच्या दोन चाकांना, तोबी सळयांनी ओढायचा, दाबून दाबून मांडी भरून यायची तरी गाडी आपली चाललीच हाय. म्हनून नाखव्यानं माझा थोरला भाऊ ठेवलान, गंगारामदादा. घाट उतरताना दादा लाकडाचा ठोकळा घेऊन चाकाच्या बाजूनं धावायचा, मी वरडलो दादा टाक, की चाकाखाली टाकायचा. अनवानी. मानूस हाय का बैल हाय तो? दोनदा त्याचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला. भट्टीच्या धगीनं डोळे अधू झालेले, हातोडा खिळ्यावर न्हाय, बोटावर बसायचा, दुसरं काम त्याला कोन देनार, नि घरी तीन लेकी. मला एकच ध्यास, ब्रेक असा करीन की माज्या भावाला धावायला नको.

एक दिस चाक काढलं, ब्रेकाचा ड्रम उघडला, तर आत मुशी माशाचं तेल! पडावाच्या लाकडाला चोपडतात ना, तेच, कुजका वास. नाखव्याला इचारलं तर बोलतो कसा, अरं ते करकरत व्हतं, दर अमावसेला पडावाला लावतो तसं गाडीलाबी लावतो, मी सवता लावतो. सवता! नारळ फोडायचा नि ब्रेकाला तेल पाजायचं. मी बोललो नाखवा, ब्रेक घासायसाठीच असतो, तेल पाजल्यावर तो धरनार काय, तुमचं डोस्कं? तर हसतो. पोट हलवून हसतो.

मंग मी सगळं रॉकेलनं धुतलं. ड्रम भट्टीवर धरून तेल जाळलं, तो धूर आठवला तरी आजबी जेवन जात न्हाय. ड्रमाला आतून घासनारे पट्टे तेल प्यालेले, ते फेकून दिले, आगबोटीनं दिघीला नवे पट्टे मागवले, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून बसवले, सैल सळया तानल्या, नि पायाखालची दांडी चार बोटं लांब घडवली, म्हंजे तेवढ्याच जोराला जास्ती ओढ. घाटात दाबला, गाडी जागच्या जागी! मी रडलो वो. नाखव्याला लेकरांची शपथ घातली, परत तेल लावनार न्हाय म्हनून.

आनि दुसऱ्या दिवशी नाखवा काय करतो, तर दादाला घरी बसवतो. आता ब्रेक हाय, ठोकळेवाला कशाला? थू. असला मानूस.

पंधरा दिस बरे गेले. मंग अमावास्या झाली, नि दुसऱ्या दिवशी घाटात पाय दाबला, सळया तानल्या, पन चाकं काय धरंनात. मागं बारा मानसं. खाली दरी, मी गाडी वरच्या दरडीत घातली. जीव कुनाचा गेला न्हाय, पन आमच्या गावची भागामावशी, मासळीवाली, तिचा हात कोपरात मोडला तो कायमचा. तिथंच ड्रम उघडला. तोच वास! गावात येऊन भर बाजारात नाखव्याला वाट्टेल ते बोललो. तो पोरांच्या डोक्यावर हात ठेवून बोलतो, मी न्हाय घातलं. कोन ऐकतंय? लोक त्याच्या तोंडावर थुंकले, मीबी थुंकलो.

घरी आलो तर दादा मागल्या दारी बसून राखेनं हात घासतोय. घासतोय, हुंगतोय, परत घासतोय. मी बघितलं, त्यानं बघितलं. बोलला, ठोकळा परत लागंल असं वाटलं रे, आधी तू हळूच दाबून बघशील, तुला कळंल, मानसं बसल्यावर कळंल हे ध्यानात न्हाय आलं.

त्याच्या तीन लेकी दारात उभ्या व्हत्या. बाजारात जाऊन खरं सांगायचं व्हतं, न्हाय गेलो. लॉरीत परत कोन बसलं न्हाय, ती नाखव्याच्या दारात गंजून गेली, नि नाखवा मरेपर्यंत लोक त्याला तेलकट नाखवा बोलत. त्याच्या नातवालाबी बोलतात. भागामावशी त्याला शिव्या देत मेली. त्याची किळस येते असं मी जन्मभर सांगत आलो, नि ज्याची येत व्हती तो तुमच्या म्होरं बसलाय.

दादा गेल्या साली गेला. लेकी नांदत्यात, बऱ्या हायत, देव त्यास्नी सुखी ठेवो. आता तुमी लिवा. त्या खेपेचं तेल नाखव्यानं न्हाय घातलंन. मोठ्या अक्षरात लिवा, त्याच्या नातवाला वाचता येतं.