आर्डिसबाईंचं ‘नको’

नाही, पण मी म्हणते, नुसते प्रश्न विचारून माणसं बारीक होत असती तर आमच्या रस्त्यावर एव्हाना एक जाडं माणूस उरलं नसतं, कारण प्रश्न विचारण्यात माझा हात धरणारं कुणी अख्ख्या विस्कॉन्सिनात नाही! आणि तिथे दवाखान्यात ती मॅरिसा, तिशीची असेल-नसेल, खुर्ची पुढे ओढून पंधरा मिनिटं बसते... गोळी नाही, पथ्याचा कागद नाही, नुसते प्रश्न. आणि ह्याला म्हणायचं वजनाचा सल्ला! सहा महिन्यांत एक सल्ला दिला असेल बाईनं तर शपथ. आता ह्यात माणसानं समजायचं काय?

थांबा, नीट सांगते. आर्डिसबाई माझ्या शेजारी. शहात्तर वर्षांच्या, गुडघे बोलतात, साखर काठावर. नवरा, ऑर्विल, जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा तिकडे अ‍ॅरिझोनात उन्हात. सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यातून त्यांच्याच दवाखान्यात मॅरिसाकडे बसायला मिळतं. पहिला महिना दर मंगळवारी, मग मंगळवारआड, सकाळी सव्वादहाला. मोतीबिंदूपासून बाई गाडी चालवत नाहीत, तेव्हा नेते मी. शाळेच्या जेवणघरात वाढायला असते मी, मंगळवारी सुट्टी. आता एवढं नेल्यावर मी काय बाहेर मासिकं चाळत बसू? गेले आत.

पहिल्याच दिवशी मॅरिसा विचारते, एक ते दहामध्ये तुमची तयारी किती? आर्डिसबाई म्हणाल्या, पाच. मी बाजूनं म्हटलं, दोन म्हणा हो, काल वड्या खाल्ल्यात. तर ती पोरगी माझ्याकडे वळली आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली, “लोरेटाबाई, उत्तरं आर्डिसबाईंना देऊ द्यायची का?” गोड होता आवाज, पण गालात बसला. आणि मग बाईंना काय विचारावं? “पाच का? तीन का नाही?” अहो, मी म्हटलं ही आता म्हणणार दहा का नाही, चला, जोर लावा. तर ही उलटी खाली! आणि आर्डिसबाई आपल्या विचारात पडल्या, आणि म्हणाल्या, तीन नाही, कारण मला चर्चच्या पायऱ्या कठडा न धरता चढायच्यात. मॅरिसानं मान डोलावली, जसं काही बाईंनी मोठा शोध लावला. झाली पंधरा मिनिटं! आता ह्यात माणसानं समजायचं काय?

मग ती वही. काय खाल्लं ते लिहायचं, आणि खाण्याआधी मनात काय होतं तेही. वही बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी होती... म्हणजे मी उघडली तेव्हा उघडी होती. आत काय लिहिलंय? ‘दुपारी चार. लिंबाच्या वड्या, दोन. भूक नव्हती. लोरेटा होती.’

मी होते! म्हणजे वजनाचं कारण मी! तुम्हाला सांगते, आमच्याकडे पहिल्यापासून एक रीत आहे. समोरच्यानं खायला पुढे केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘नको, उगाच कशाला त्रास’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी एवढुसं’ म्हणत चांगला हाताएवढा तुकडा उचलायचा. पहिल्याच ‘नको’ला ताट मागे घेणाऱ्याला आम्ही बाहेरगावचा समजतो. मी काय जबरदस्ती करते? मी तीनदा विचारते! माणुसकी म्हणून!

तर मॅरिसा टेक्सासकडची. तिनं बाईंना काय शिकवलं, तर ‘नको’ म्हणायला. खरंखुरं नको. चार आठवडे गाडीत बाई पुटपुटत होत्या, नको, आभारी आहे. नको, आभारी आहे. नोव्हेंबरात मी भोपळ्याच्या वड्या घेऊन गेले. म्हणाल्या नको. ठीक. परत विचारलं, नको. ठीक, रीतच आहे. तिसऱ्यांदा ताट नाकाखाली धरलं, तर बाई माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “नको, लोरेटा. नको म्हणजे नको. बस ना तू.” आता हातात ताट घेऊन माणूस बसतं कसं? घरी आले आणि ओट्याशी उभ्या उभ्या चार वड्या खाल्ल्या. माझ्या वजनाचं कुणाला काय?

जानेवारीत मॅरिसानं नियम सांगितला. सहा महिन्यांत तीन किलो उतरलं तर पुढे दर महिन्याला यायला मिळेल, नाहीतर सहा महिने थांबायचं, मग बघू. आता नियम किलोत आणि दवाखान्यातला काटा पौंडांत! तीन किलो म्हणजे साडेसहा पौंड आणि वर चिमूटभर. आणि पौंड उतरले किती होते? चार. म्हणजे जिचं वजन उतरत नाही तिला सल्ला बंद, आणि जिचं उतरलं तिला चालू? पाय मोडलेल्याला घरी पाठवायचं आणि चालणाऱ्याला कुबडी द्यायची? आता ह्यात माणसानं समजायचं काय?

पण बाईंनी मनावर घेतलं. बाहेर मांडीएवढं बर्फ, म्हणून मी त्यांना शेतीसामानाच्या दुकानात सोडायची, आणि त्या ढकलगाडी धरून मालाच्या रांगांमधून अर्धा अर्धा तास फेऱ्या मारायच्या. तिथला माणूस बिचारा रोज विचारायचा, काय शोधताय, आणि बाई वेळ मारून न्यायला काहीतरी सांगायच्या, त्यानं तीन आठवड्यांत त्यांना सगळी फावडी दाखवली. आमच्याकडे दर शुक्रवारी अख्खं गाव तळलेला मासा खातं, तोही सोडला. मी म्हटलं, आर्डिसबाई, साठ-सत्तर वर्षं खाल्लेला मासा सोडलात, एवढं काय त्या पायऱ्यांचं?

गाडीतच होतो आम्ही. काच पुसत होत्या हातमोज्यानं. म्हणाल्या, “पायऱ्या राहू देत गं. ऑर्विल गेल्यापासून मला ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारणारं कुणी नाही. मंगळवारी ती विचारते.”

मी म्हटलं, आणि मी? मी रोज येते ती काय भिंतीशी बोलायला?

“येतेस की. पण तू सांगायला येतेस.”

पुढच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही, मागच्यानं भोंगा वाजवला तेव्हा हलवली. माझ्या नवऱ्याला विचारा, असं कधी होत नाही.

तर मार्चातला तो शेवटचा मंगळवार. बाईंनी कोट काढला, स्वेटर काढला, बूट काढले, घड्याळ काढलं, कानातलं काढून माझ्या हातात दिलं. आल्या काट्यावर. मी श्वास धरलेला, जसं काही माझा श्वास त्यांच्या वजनात मोजणार होते. सात पौंड! उतरले होते पुरते सात! मॅरिसानं दोन्ही हात धरले बाईंचे आणि विचारलं, आता पुढे दर महिन्याला यायला आवडेल का तुम्हाला?

आणि आर्डिसबाईंनी काय म्हणावं?

“अहो नको, तुम्हाला उगाच कशाला त्रास.”

लक्षात येतंय का तुमच्या? हे आमचं पहिलं नको! सात पौंड घाम गाळून उतरवलेल्या बाईचं रीतीचं नको! आता मॅरिसानं फक्त अजून एकदा विचारायचं होतं, फार तर दोनदा. पण नको म्हणजे नको हे शिकवलं कुणी? तिनंच! चेहरा उजळला पोरीचा. म्हणाली, “किती स्पष्ट सांगितलंत. तुमचा निर्णय आहे.” आणि कॉम्प्युटरवर टकटक करून बाईंची फाईल बंदसुद्धा केली. बाई तिच्याकडे बघतायत, दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. मी बाईंकडे बघतेय. आणि उत्तरं त्यांना देऊ द्यायची हे मला सहा महिन्यांपूर्वी सांगितलेलं... आयुष्यात एकदा मी तोंड मिटून बसले, आणि तेही त्याच दिवशी!

गाडीत म्हटलं, चला परत, सांगते मी तिला. हात धरला माझा बाईंनी. म्हणे, आता मागून कसं घ्यायचं, बरं दिसतं का ते. मी म्हटलं, फोन करते. म्हणे, करशील तर बोलणार नाही तुझ्याशी. मग घरापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मी बघितलं नाही की त्या काय पुसतायत, काच की डोळे. आता ह्यात माणसानं समजायचं काय, आणि करायचं काय?

मग पुढच्या मंगळवारी सव्वादहाला मी गेले त्यांच्याकडे. रिकाम्या हातानं, बघा. खुर्ची पुढे ओढली, बसले, आणि जमेल तेवढा गोड आवाज काढून विचारलं, तर आर्डिसबाई, कसं वाटतंय तुम्हाला? आधी हसल्या. मग सांगायला लागल्या. ऑर्विलचं, मुलाचं, एकोणीसशे एकाहत्तर सालच्या एका नाचाचं, बहिणीशी का बोलत नाहीत त्याचं... एवढी वर्षं ज्या घरात मी पडद्याआडून डोकावत होते ते सगळं घर बाईंनी उघडून समोर ठेवलं. मी उठले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन वाजले. आता तर त्या दारात उभ्याच असतात.

बाकीचं अजून काही कळलेलं नाही मला, पण सरकारनं पंधराच मिनिटं का ठरवली असतील, तेवढं मात्र अगदी नीट कळलं.