बाईंना शिकवणी

— नाहीत हो, बाई घरात नाहीत, सांगतेय ना! उगाच तीन जिने चढाल आणि तसेच उतराल. टेबल टेनिसचे सर ना तुम्ही? ओळखलंच मी, ती लांबोडकी पिशवी बघूनच ओळखलं. या, इथे खालच्या हॉलमध्ये बसा, पंखा लावते. बाई येतील इतक्यात — म्हणजे येतीलच असं नाही, पण तुम्ही बसा. मी तळमजल्यावरची, हे समोरचं दार माझं. इमारतीत कोण आलं कोण गेलं ते मला बसल्या जागी दिसतं. मुद्दाम बघत नाही हो मी, दारच तसं आहे, त्याला मी काय करू?

हो, हेच ते टेबल. भिंतीला का लावलंय म्हणजे? लावावंच लागतं. मधे ठेवलं तर लोकांनी सायकली कुठून न्यायच्या, माझ्या डोक्यावरून? एकटं टेबल, पण अख्खा हॉल अडवून बसतं. म्हणून भिंतीला. आणि म्हणून आमच्याकडे भिंतीला लागून आलेला बॉल चालतो. — नियमात नाही? नसेल तुमच्या नियमात, आमच्या आहे. भिंत आहे तर बॉल लागणारच ना भिंतीला! तो काय आधी नियम विचारायला जातो? तुम्ही आल्या आल्या टेबल ओढू नका हं, आधीच सांगते. एक पाय विटेवर आहे त्याचा.

बरं, मला एक सांगा — रागावू नका, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे — या वयात शिकवून होतं काय हो? बाई रिटायर झाल्या, केस पांढरे झाले, आणि आता कोचिंग! लहान पोरांचं ठीक आहे. मोठ्या माणसाचा हात म्हणजे जुनी चप्पल, पायाचा आकार घेऊन बसलेली, ती आता दुसऱ्याच्या पायाला कशी यायची? — काय? मोठी माणसं कारण विचारतात म्हणून पटकन शिकतात? मग झालंच तुमचं! बाई कारणाचंही कारण विचारतील. जन्मभर गणित शिकवलंय त्यांनी. तुम्ही म्हणाल मनगट असं ठेवा, त्या म्हणतील सिद्ध करा. — हो, हे मात्र बरोबर बोललात, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, बाहेरून कुणीतरी बघावं लागतं. मला बाईंच्या सगळ्या दिसतात. फळ्यापुढे उभ्या राहतात तशा ताठ उभ्या राहतात, गुडघा म्हणून वाकवत नाहीत. आणि हात असा वरून खाली आणतात, जसं काही बेरजेखाली रेघ मारतायत. बॉल जातो जाळीत. मी? मी कशाला सांगू त्यांना? त्यांनी विचारलं कुठे!

तशी त्यांची माझी ओळखच नव्हती हो. राहायला आल्या तेव्हापासून जिन्यात भेटल्या की एकच वाक्य — "चपला बाजूला ठेवत जा." बस. मी म्हटलं, असू दे बाई, शिकलेलं माणूस आहे. माझी शाळा मधेच सुटली, अशा माणसांशी बोलायला मला शब्दच सापडत नाहीत — हसताय काय? खरंच सापडत नाहीत! मी आपली संध्याकाळी इथे येऊन एकटीच भिंतीवर बॉल मारत बसायचे. मुलगा नोकरीला गेला तो बॅट मागे ठेवून गेला. आणि आमचे हे टीव्हीपुढे बसले की घरात बांगडीचा आवाज झालेला चालत नाही त्यांना, मग बायकोचा आवाज तर विचारूच नका. तर एके दिवशी बाई ताडताड खाली आल्या, ही टकटक काय लावलीय म्हणून. दारात उभं राहून भरपूर बोलल्या. मी ऐकून घेतलं. बोलून झालं तरी जाईनात. बघत उभ्या. मग म्हणाल्या, "मी एक मारून बघू का?" — त्या दिवसापासून रोज. एक दिवस चुकत नाही. ताप होता तरी खाली आल्या होत्या शाल गुंडाळून, मीच हाकललं वर.

आणि बोलतात! कधी ते सांगते. बॉल हरवला की. समोरासमोर नाही बोलायच्या, पण बॉल त्या मीटरच्या खोक्याखाली गेला, की वाकून शोधता शोधता बोलतात. नवऱ्याचं आजारपण, बहिणीशी धरलेला अबोला, सगळं मला वाकल्या वाकल्याच सांगितलंय त्यांनी. मी पण सांगते. मी तर कधीकधी बॉल सापडला तरी पायाखाली दाबून ठेवते — म्हणजे एखाद्या वेळेस हो! मग आता तुम्हीच सांगा, तुम्ही शिकवलंत, बॉल आपला टेबलावरच राहायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, तर आम्ही बोलायचं कधी?

जिंकतं कोण? मीच. रोज मीच. — बाजू? बाजू कशाला बदलायच्या? मी या टोकाला, बाई त्या टोकाला, पहिल्यापासून ठरलेलं आहे. — हो, माझ्या डाव्या हाताला भिंत येते, उजवा हात मोकळा. त्यांच्या उजव्या हातालाच भिंत येते. येणारच ना, समोर उभ्या आहेत त्या! कोपर खरचटतं कधीकधी, मग मलम मीच लावते. असे काय बघताय? त्यांनी विचारलं होतं एकदा, बाजू बदलत नाहीत का म्हणून. मी म्हटलं, आमच्या इमारतीत नाही बदलत. त्यांनी मान्य केलं. गणितात बाई हुशार आहेत, पण इमारतीतलं मला जास्त कळतं असं त्या धरून चालतात.

स्पष्टच बोलते. तुम्ही नाही आलात तरी चालेल. परवा त्या फोनवर बोलत होत्या जिन्यात, मी केर काढत होते, कानावर पडलं — कोच हवाय, लवकर हवाय. मला तेव्हाच कळलं. आधी कोच, मग क्लब. तिथे शिकल्यासवरल्या बायका येणार, पांढरे बूट घालून, भिंतीपासून लांब ठेवलेलं टेबल, चेंडू उचलायला माणूस. मग या हॉलमध्ये कशाला उतरतील त्या? परत आपलं "चपला बाजूला ठेवत जा." म्हणून म्हणते, बाईंचा गुडघा दुखतो असं समजा. म्हणजे अजून दुखत नाही, पण दुखेल. तुम्हाला दुसरे विद्यार्थी मिळतील की!

— काय? क्लबाचं काहीच बोलल्या नाहीत? मग कशाला शिकायचंय त्यांना? — काय म्हणाल्या? परत सांगा. "तळमजल्यावरच्या बाईला एकदा तरी हरवायचंय"? असं म्हणाल्या? एकदा तरी? हसून म्हणाल्या की रागानं? — दातओठ खाऊन! अगंबाई. मला हरवायला? अहो, एवढी शिकलेली बाई, मुख्याध्यापकांना फाडकन बोलणारी, माझ्यासाठी फोन करून कोच बोलावते? मला वाटायचं त्यांचं लक्षही नसतं कोण जिंकलं त्याकडे. रोज हरून शांतपणे जिना चढतात, "उद्या" एवढंच म्हणतात. आणि वर जाऊन दातओठ खातात! आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात माझ्यावर कधी दातओठ खाल्ले नाहीत हो, तेवढं लक्ष दिलं तर ना.

उठा, उठा, बसलात काय! बाई घरातच आहेत. मघापासून वर येरझाऱ्या घालतायत, ऐकू येत नाही का तुम्हाला? तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार. शिकवा त्यांना, नीट शिकवा, अर्धवट काही ठेवू नका. फक्त — इकडे या जरा — सावकाश हं. या वयात एकदम सगळं नाही देत. आधी नुसतं उभं राहायला शिकवा. मग बॅट धरायला. कारणं विचारतील, सगळी कारणं सांगा, आडवळणाने सांगा. जिंकण्यापर्यंत यायला वर्ष लागलं, दोन वर्षं लागली, तरी काही बिघडत नाही, आम्हाला कुठे जायचंय?

जा आता, त्या वाट बघतायत, आणि मला पण कामं आहेत घरात. किती वेळ गप्पा मारत बसलात!