चिनी डॉक्टरीण आणि आमचा कावळा

तुम्ही हसाल, पण मला त्या चिनी डॉक्टरणीने गप्प केलं. इथे आखातात, मुसफ्फात मी वर्कशॉपचा फोरमन होतो, कुणापुढे बोलायला कधी अडलो नाही.

माझी नात रिया त्या दिवशी पोट धरून पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बोर्डाचा पेपर. मुलगा आणि सून ऑफिसात. शेजारीण म्हणाली, अल मजाज भागात एक चिनी डॉक्टरीण आहे, सुया टोचते, हिंदी बोलते. मी रियाला घेऊन गेलो. दारातच बजावलं, "मी बोलतो. तू गप्प बस."

डॉक्टरणीने विचारलं, "क्या तकलीफ?"

तो शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही. आमच्याकडे बायका 'कावळा शिवला' म्हणतात, तेच सांगितलं.

"इसको हर महीने कौवा छूता है."

ती दचकली. "किधर काटा? हाथ दिखाओ."

"काटता नहीं. छूता है."

"आजोबा, व्हॉट क्रो?" रिया कण्हत म्हणाली, आणि डॉक्टरणीकडे वळली. "पीरियड्स, डॉक्टर. क्रॅम्प्स."

डॉक्टरणीने तिची नाडी धरली, जीभ पाहिली. पोटात थंडी बसली आहे, रक्त अडतं म्हणून दुखतं, असं म्हणाली. पायाला सुया टोचल्या, ओटीपोटाला शेक दिला. थोड्या वेळाने पोरगी सरळ बसली.

मग ती मला म्हणाली, "बाबा, आप भी जीभ दिखाओ."

मी दाखवली. तिने नीट निरखली.

"जीभ तो एकदम अच्छा है. फिर बोला क्यों नहीं?"