शाईचा गुण

बारावीला मला लातूरला टाकलं होतं बघा. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बॉलपेन बंद! शाईपेनानं अक्षर सुधारतं, अक्षरानं मार्क येतात."

झालं! देवणीहून माझे वडील, अण्णा, आले आणि मला थेट रशीदभाईंच्या पेनच्या दुकानात घेऊन गेले.

"पाण्यासारखी वाहणारी शाई द्या. तीन तासांत कुठं अडकायला नको."

रशीदभाईंनी तीन दौती काढल्या आणि एक वही पुढं सरकवली. "लिहून बघा ना."

लोक पेन चालवून बघायला सही करतात. अण्णांनी माझं नाव लिहिलं, 'डॉ. सुनील'. पहिली शाई कागदावर फुटली, दुसरी 'डॉ.'वरच अडकली. तिसरीनं मात्र पेन सरसर पळाला. अण्णा खूश. "हीच द्या!"

मी सहज वहीची मागची पानं उलटली. डॉ. संतोष, डॉ. शबाना, डॉ. मिलिंद... पानंच्या पानं नुसते डॉक्टर!

"भाई, यातले खरे किती झाले?"

"मालूम न्हाई बेटा," दौतीचं झाकण आवळत रशीदभाई म्हणाले. "पण निकाल लागला की शाईची तक्रार घेऊन बाप लोक लई येतात."

अण्णा खो खो हसले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तीच दौत पिशवीत घालून अण्णा लातूरला गेले.