भोक पडलेली राणी

हे मला जसंच्या तसं आठवतंय की मी त्यात भर घातली आहे, हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. आईच्या गळ्यात भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेलं, इंग्रजांच्या काळातलं राणीचं एक पदक असायचं. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपलो की ते माझ्या डोळ्यांवर लोंबायचं आणि त्याच्या मागे तिचा वाकलेला चेहरा असायचा. आई गेल्यावर ते नागपूरला बहिणीच्या लॉकरमध्ये गेलं, आणि तेव्हा लंडनला राहणारा मी तसंच दुसरं शोधत तिथले जुन्या पदकांचे बाजार हिंडू लागलो.

एकदा, दोन हजार तीन किंवा चार साल असावं, लंडनमध्येच हॅरोला राहणारा माझा मित्र वसंता सोबत आला. विक्रेत्या बाईंनी भोक पाडलेल्या पदकांचा डबाच पुढे ठेवला. भोकामुळे ती कोणी घेत नाही, म्हणाल्या. मी एकेक पाहून परत ठेवत होतो.

वसंता वैतागला. "अरे, क्वीन एकच होती ना? मग प्रत्येकीला रिजेक्ट काय करतोस? तुला हवी तरी कशी?"

"भरलेले गाल, मानेवर सैल अंबाडा आणि किंचित हसरी."

वसंताने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं.

"हसरी?" बाई म्हणाल्या. "आमची राणी पदकावर कधी हसलेली मी तरी पाहिली नाही."

मी रिकाम्या हाताने परतलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरला गेलो, तेव्हा बहिणीने ते पदक माझ्या तळहातावर ठेवलं. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

"राणी कुठं गेली?" मी विचारलं.

"राणी कुठली, दादा? आजीने आईच्या गळ्यात घातलं, तेव्हाच त्यावरचा चेहरा पार झिजलेला होता."