सासूबाईंचा ट्रॅक्टर आणि मायनसमधला काटा

नाही, तुम्हीच सांगा, सत्तावीस वर्षं ज्यानं इमारतींच्या इमारती उजळल्या, त्या वायरमनला एक काटा जुमानत नाही म्हणजे काय? काटा हो! करंगळीच्या नखाएवढा! ट्रॅक्टरवर ते गोल मीटर असतं ना... काटा प्लसमध्ये म्हणजे बॅटरी भरतेय, मायनसमध्ये म्हणजे रिकामी होतेय... त्यातला तो काटा! आणि ट्रॅक्टर कुणाचा? सासूबाईंचा! ट्रॅक्टरचं वय एकसष्ट, सासूबाईंचं चौऱ्याहत्तर, आणि आवाज दोघांचाही चार शेतं ओलांडून जातो!

झालं काय, सासूबाईंची रोपवाटिका आहे. रोपांची ट्रॉली जोडायची, ट्रॅक्टरवर चढायचं आणि गिऱ्हाइकाच्या दारात रोपं पोचवायची, हे सगळं त्या स्वतः करतात. इतकी वर्षं हँडल मारून चालू करायच्या, आता खांद्यानं संप पुकारलाय. बटणावर चालू करावा, तर बॅटरी दोन दिवसांत गार. तेवढ्यात मेहुण्यानं एक हॉटेलवाला गाठला. त्याला ट्रॅक्टर चालवायचा नाही हो, हॉटेलच्या दारात उभा करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायचीत! मेहुणा म्हणाला, "आई, रविवारी दहाला ते येतायत. तोवर बटणावर चालू झाला तर ठेव. नाहीतर देऊन टाकू. कबूल?"

सासूबाई म्हणाल्या, "कबूल." आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या बाईनं मला एका शब्दानं चांगलं म्हटलेलं नाही! म्हटलं, हीच वेळ. छाती पुढे काढून म्हणालो, "आई, माझ्यावर सोडा!"

...कुणी सांगितलं होतं?

शुक्रवारी नवी कोरी बॅटरी नेली, जगातल्या सगळ्या गाड्यांना जोडतात तशी जोडली, मायनस बॉडीला. मग आमच्या मेकॅनिक मित्राला फोन. तो कायम दातांत स्क्रू धरूनच बोलतो... "हे फघ, जुना डायनामो आहे. बॅटरीवरून त्याला वायरचा एक चटका दे, म्हणजे करंट कुठल्या दिशेनं फाठवायचा ते त्याला कळतं. मग डायनामोशेजारी चार्जिंगची डबी असते, तिच्यातला स्क्रू फीळ. घट्ट केला की चार्जिंग वाढतं. फोरखेळ आहे!"

दिला चटका. बटण दाबलं, ट्रॅक्टर धडधडला, सासूबाईंनी हातातली कुंडी खाली ठेवली... आणि काटा? काटा मायनसमध्ये!

स्क्रू पाव फेरा पिळला. आणखी मायनस! अर्धा फेरा. आणखी मायनस! अहो, मी जितका पिळतोय तितका तो माझ्यापासून लांब पळतोय! शनिवारी सकाळी डायनामो उतरवला, घासला, पुसला, पट्टा ताणला, परत चढवला, पूर्ण एक फेरा पिळला... बॅटरी खदखदायला लागली! झाकणांतून फेस! बायको म्हणते, "अहो, रिकामी होणारी बॅटरी अशी उकळेल कशाला?" मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?" हे वाक्य लक्षात ठेवा, मला अजून घरी रोज ऐकवलं जातं. आणि काटा? मायनसमध्ये!

दुपारी वैतागून इंजिन बंद केलं आणि सहज दिव्यांचं बटण ओढलं... काटा प्लसमध्ये! मी ओरडलोच! मेहुण्याला बोलावून ऐटीत सांगितलं, "या जुन्या मॉडेलचं असंच असतं. दिवे लावल्याशिवाय बॅटरी भरत नाही." आता तुम्ही हसताय. पण त्या क्षणी मला ते पटलं होतं हो! दोन दिवस उन्हात तापलेलं डोकं, काय काय पटतं! भर दुपारी दोन्ही दिवे लावून ठेवले आणि निवांत झोपलो.

रविवारी साडेनऊला बटण दाबलं. टक्. परत दाबलं. ट... तेवढंच. "क्"सुद्धा नाही!

सासूबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, दिवे तर चांगलेच लावलेत तुम्ही." मग वाकून बॅटरीकडे बघितलं. "हे उलटं कुणी जोडलं?"

"उलटं? आई, मायनस बॉडीलाच असतो!"

"जगाचा असेल. याचा प्लस बॉडीला असतो. तुमच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं मला. उलट जोडलं की काटा उलटं सांगतो."

म्हणजे तुमच्या लक्षात आलं का? मायनस दाखवत होता तेव्हा बॅटरी भरत होती, ऊतू जाईपर्यंत भरत होती, आणि प्लस दाखवत होता तेव्हा मी ती स्वतःच्या हातानं रिकामी केली! म्हटलं, "आई, मग दोन दिवस सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही वायरमन!"

पावणेदहा. त्या म्हणाल्या, "तुमच्या मोटारीची बॅटरी काढा." काढली निमूट. त्यांनी स्वतः जोडली, प्लस बॉडीला. स्वतः चटका दिला. मी पिळून ठेवलेला स्क्रू पावणेदोन फेरे मागे घेतला, आणि सीटवर चढून बसल्या. दहाला हॉटेलवाला फाटकातून आत आला, टेप घेऊन बॉनेट मोजायला लागला, आणि सासूबाईंनी बटण दाबलं...

धडधडधडधड! तो टेप टाकून मागे उडाला! काटा प्लसमध्ये चढला आणि हळूहळू मधोमध येऊन टेकला. सासूबाई स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून आवाज ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बघून तर मेहुण्यानं खाली पडलेला टेप गुंडाळून हॉटेलवाल्याच्या हातात दिला. मी आपला रुमाल काढला... धूर होता हो!

हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, हा दुरुस्त कुणी केला?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "आमच्या जावयांनी. हात फार चांगला आहे त्यांचा."

काय सांगू तुम्हाला, कान तृप्त झाले! पण हॉटेलवाल्यानं ते गावभर केलं हो! आज माझ्या दारात सात जुने ट्रॅक्टर उभे आहेत, सातही बंद. मालकांना वाटतं मी तज्ज्ञ. आणि तज्ज्ञ रोज सकाळी मोरीचं दार लावून, नळ सोडून, हळू आवाजात सासूबाईंना फोन करतो... "आई, हा निळा आहे, याचा कुठला स्क्रू?"