आप्पांची चार वाजताची लाइन

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. बंडोपंत, तुमच्या तबल्यालाही दम खाऊ द्या. देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्या साक्षीनं एक प्रश्न विचारतो. आपल्या माणसानं प्रेमानं एक वस्तू आणली. आपल्याला ती नकोय! तर 'नको' म्हणणं हे पाप — की 'हो' म्हणणं हे पाप?

पाहा, पुढच्या रांगेतल्या वहिनी हसल्या! ह्यांच्या कपाटात नणंदेनं दिलेल्या साड्यांचा गठ्ठा असणार! हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं फारसं हसायला नाही.

तर ऐका. आप्पा सोनटक्के म्हणून एक गृहस्थ होते. जन्मांध! पण एका मोठ्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. "नमस्कार, कुणाला जोडून देऊ?" — आवाज असा खणखणीत की पलीकडचा माणूस सावरून बसायचा. आणि कान? नुसत्या 'हॅलो'वरून सांगायचे, साहेब आज घरून भांडून आलेत!

आप्पांची थोरली बहीण गोदाक्का. ब्याऐंशी वर्षांची, फलटणला मुलाकडे अंथरुणाला खिळलेली. तिला ऐकू येईनासं झालेलं. सुनेचं बोलणं ऐकू येत नाही! — थांबा, सासवांनो, माना डोलावू नका. तुमची ती कला असते, तिचं खरंच जात चाललं होतं! टीव्ही नाही, मुलगा नाही, कुणाचंच धड कळायचं नाही. एकच आवाज कानात शिरायचा. आप्पांचा! फोनवरून!

म्हणून रोज चार वाजता आप्पा फोन लावायचे. त्यांचा फोन होता बोलणारा. बोट फिरवलं की जिथं बोट तिथलं वाचून दाखवायचा, मराठीत. सत्तराव्या वर्षी अंधशाळेच्या मास्तरांकडे आठ महिने जाऊन आप्पा ते शिकले होते. दुपारी फोन आप्पांना पेपर वाचून दाखवणार, आणि चार वाजता आप्पा तो गोदाक्काला सांगणार. अख्खा!

आणि शेवटी गोदाक्काचा ठरलेला प्रश्न — "धरणात पाणी किती रे, आप्पा?"

का? तर दोघांचं जन्मगाव त्या धरणाखाली गेलेलं. घर गेलं, गल्ली गेली, केदारेश्वराचं देऊळ गेलं. उन्हाळा फार कडक पडला, पाणी तळाला गेलं, तर त्या देवळाचा कळस तेवढा वर दिसायचा. आठ वर्षांत दिसला नव्हता. लहानपणी गोदाक्का आंधळ्या भावाचं बोट धरून त्या देवळात न्यायची, आणि सांगायची, "आप्पा, कळसावर पोपट बसलाय बघ." आप्पा बघायचे! तिच्या डोळ्यांनी बघायचे. आता ह्या वयात तो तिला जग सांगत होता. फेड म्हणा, प्रेम म्हणा.

"चौदा टक्के, अक्का."

"म्हणजे अजून नाही दिसायचा."

"नाही दिसायचा. उद्या सांगतो."

असं चाललेलं. आणि बंगळूरहून आले चिरंजीव. श्रीनिवास. गुणी मुलगा हो! बापावर जीव! येताना आणला नवा फोन. दुसऱ्या पंथाचा!

अहो, फोनमध्येही दोन पंथ आहेत, ठाऊक आहे ना? नावं घेत नाही, दोन्हीकडचे भक्त समोर बसलेत — देवळात मारामारी नको! ह्या पंथातून त्या पंथात जायचं तर हाताला लागलेलं सगळं नव्यानं गिरवायचं. तुमचं-आमचं ठीक आहे, दोन दिवस चडफडतो, चौथ्या दिवशी जमतं. पण ज्याचं सगळं जग बोटाच्या टोकावर, त्याचं काय?

श्रीनिवास म्हणाला, "बाबा, आम्ही सगळे ह्या फोनवर. तुम्ही एकटेच तिकडे. आता दर रविवारी व्हिडिओवर भेटायचं!"

आप्पा हसले. "अरे, मला काय दिसणार?"

"मला तुम्ही दिसाल ना, बाबा."

खोटं नव्हतं ते. आप्पांनी नवा फोन हातात घेतला. गार, गुळगुळीत. बोट फिरवलं, तर तो बोलला — इंग्रजीत! भरभर! मराठीही बोलला असता हो, कुणी तसं लावून दिलं असतं तर. दोष फोनला देऊ नका.

'नको रे बाळा' — शब्द दातांपर्यंत आले. पण एकतीस वर्षं आवाज ओळखलेला माणूस! मुलाच्या आवाजातला आनंद त्यांना असा लख्ख ऐकू आला, की शब्द गिळले. आणि म्हणाले, "वा! झकास!"

श्रीनिवासनं नवा घेतला त्या दुकानाच्या इथल्या शाखेत जुना फोन देऊन टाकला, त्याच्या बदल्यात नव्याला सूट मिळाली होती. "आवडला ना, बाबा?" असं विचारून तो रात्रीच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. आप्पा बोट फिरवतायत, फोन काहीतरी बडबडतोय. वर ओढलं, खाली ओढलं, दोनदा टिचकी मारली. लागेना! साडेचार झाले. पाच झाले. आणि फोन वाजला! आप्पांना कळलं — अक्काच! मंदा, गोदाक्काची सून, तिनं लावून दिला असणार. घाईघाईनं घ्यायला गेले, आणि कापला गेला.

तिकडे मंदानं सासूच्या कानाशी ओरडून सांगितलं, "मामा कामात असतील!"

परवा तेच. तेरवा तेच. वाजतोय, आणि आपल्याच हातानं कापला जातोय!

घरात आप्पा एकटेच. भिंतीपलीकडे नलूताई राहत होत्या, भली बाई. "ताई, एवढा फोन लावून द्या" — सहा शब्दसुद्धा नाहीत हो! पण आप्पांनीच त्यांना मिरवून सांगितलेलं, मुलानं भारीतला फोन आणला म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मुलाच्या कानावर गेलं तर? 'उद्या जमेल' म्हणाले. भीड ही भिकेची बहीण, मंडळी! आयुष्यभर परक्यांच्या लाइनी जोडणाऱ्या माणसाला स्वतःची एक लाइन जोडून मागायची लाज वाटली.

रविवारी मुलाचा फोन आला. तीनदा कापला गेला, चौथ्यांदा कसा कोण जाणे, लागला! "कसा आहे फोन, बाबा?" — "मस्त रे!"

नवव्या दिवशी नलूताईच धावत आल्या. पदर तोंडाला लावलेला. "आप्पा, श्रीनिवासचा मला फोन आला. तुमचा लागत नाही म्हणाला. आप्पा... तुमची गोदाक्का गेली हो."

(बंडोपंत, नको. आत्ता वाजवू नका.)

दहाव्याला सगळे फलटणला जमले. मंदा आप्पांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मामा, रोज चारला फोन हातात घेऊन बसायच्या. शेवटी शेवटी म्हणाल्या, मंदा, माझ्या तोंडून काही उणं-अधिक गेलं का गं? आप्पा रागावला का?"

आणि मंदा पुढं बोलली, "मामा, त्या गेल्या त्याच्या आधी चार दिवस पेपरात आलं होतं. कळस दिसला."

"काय?"

"केदारेश्वराचा कळस. पाणी अकरा टक्क्यांवर आलंय. फोटो आला होता. पाटीवर लिहून दाखवणार होते त्यांना. पण म्हटलं, ही बातमी मामांनीच सांगू दे. त्यांच्या तोंडून ऐकायची किती वर्षं वाट बघितलीय! उद्या लागेल फोन, परवा लागेल..."

श्रीनिवास बापाजवळ सरकला. "बाबा, मी विचारलं होतं ना हो! तुम्ही मस्त म्हणालात!"

आप्पा त्याच्या आवाजाच्या दिशेनं वाकले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू 'आवडला का' विचारलंस रे. 'जमतो का' विचारलं असतंस, तर कदाचित रडलो असतो मी. पण तुझं काय चुकलं? खोटं मीच बोललो."

चार वाजले होते. आप्पा भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले, रिकाम्या खाटेशी उभे राहिले, आणि त्या खणखणीत आवाजात बोलले, बाहेर ओट्यावर बसलेल्यांना ऐकू गेलं —

"अक्का, अकरा टक्के! कळस दिसला गं!"

मंडळी, आता माझ्या प्रश्नाचं उत्तर मागत नाही. तुमचं तुम्हाला कळलंय, डोळे सांगतायत. जे म्हातारे बसलेत, ज्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला मुलाचा फोन आहे, त्यांना हात जोडून सांगतो — येत नसेल तर येत नाही म्हणा! आज म्हणा, घरी पोचल्याबरोबर म्हणा! आणि लेकांनो, सुनांनो, भेटी आणा, खुशाल आणा. पण आणल्यावर बापाशेजारी बसा. 'जमतंय का?' म्हणून विचारा, आणि तो 'मस्त' म्हणाला तरी उठू नका. अजून थोडा वेळ बसा.

हं, बंडोपंत, आता वाजवा. आणि मंडळी, देवाचं नाव असं मोठ्यानं घ्या, की ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंतसुद्धा ते आज पोचू दे!